ठीक खेळतो

टाकलेला चेंडू झेलला गेला नाही की तो तळहाताने छातीवर दोनदा थापटायचा आणि म्हणायचा, "माय बॅड." झेल कोणाच्या हातून सुटला याच्याशी त्याला देणंघेणं नसे. एकदा भर सामन्यात कोणाचा तरी कुत्रा मैदानात घुसला आणि चेंडूच पळवायला निघाला. तेव्हाही याने छाती थापटली.

"अरे, कुत्र्याची चूकसुद्धा तुझीच का?" मी विचारलं.

"ताई, मी बघायला पाहिजे होता ना," तो म्हणाला. इथेच जन्मलेल्या मुलाचं मराठी. त्याचं नाव मी लिहीत नाही, आता त्याला ते आवडणार नाही.

कॉव्हेंट्रीतल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक होता. नारळासारखा लांबट चेंडू कोणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा आणि फेकणारा गडी. डाव फसला की बोल त्यालाच. मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, रविवारी या मुलांचे घोटे बांधून द्यायला जायचे. प्रेक्षक म्हणाल तर मुलांच्या चार मैत्रिणी, कुत्री फिरवणारे म्हातारे, आणि सगळ्यांपासून लांब, झाडाखाली थर्मास घेऊन उभे असलेले त्याचे वडील.

हे डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसले की आजूबाजूला बघून हळूच फोन काढायचे. फोनमध्ये लेकाचे व्हिडिओ. "हा बघा, हा. दोघं अंगावर आलेत तरी नजर हलली नाही त्याची." चहा गार व्हायचा. मग फोन खिशात घालून एकच वाक्य, "त्याला सांगू नका हं. डोक्यात हवा जाईल."

घरी मुलासमोर त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. सामना जिंकून आला तरी, हरून आला तरी, "ठीक खेळलास." तुमच्याही घरात असा कोणी असेल. पोराचं कौतुक पोरासमोर करायचं नाही, आणि परक्यासमोर तर मुळीच नाही, हे बाळकडू पिऊन आलेली माणसं आपण. आपल्याला त्या 'ठीक'मधला गहिवर ऐकू येतो. कॉव्हेंट्रीत वाढलेल्या मुलाला कुठून येणार?

पण मुलगा होता मात्र गुणाचा. एका सामन्यात आम्ही मागे होतो, वेळ संपत आलेली, गारठ्याने बोटं वाकत नव्हती. सगळे गोल करून उभे राहिले. त्यातला एक धिप्पाड पोरगा रडायच्या बेतात होता. याने त्याला विचारलं, "तुझ्या आजीच्या मांजरीचं ऑपरेशन झालं का?" तो हसला, बाकीचेही हसले. मग याने लांबवर असा चेंडू टाकला की तो धावणाऱ्याच्या हातात अलगद उतरला. सामना जिंकला. आवाज न चढवता माणसं सावरायची ही कला मी मोठमोठ्या सर्जनांतही पाहिलेली नाही.

शेवटच्या वर्षी एक माणूस त्याला बघायला आला. युरोपातल्या एका व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणं हे त्याचं काम. तिथे वर्षभराचा करार, राहायला घर आणि रोज फुटबॉल. या मुलाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या माणसाने मला बाजूला घेऊन स्थळाची चौकशी करावी तसे प्रश्न विचारले. पितो का? हरल्यावर रुसतो का? दुखणं लपवतो का? मी मनापासून सांगितलं. तो म्हणाला, "हात मी पाहिला. आता मला माणूस बघायचाय." आणि तो झाडाकडे निघाला.

मुलगा हेल्मेट काढून तिथेच उभा होता. मीही मागोमाग गेले.

"मुलगा कसा आहे तुमचा?" त्याने डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं.

डॉक्टर थर्मासचं झाकण उगाच उघडत होते, परत लावत होते. मला वाटलं, आज तरी बोलतील. ते म्हणाले, "ही इज ऑल राइट. लॉट टु लर्न. पुण्याला याचा चुलतभाऊ आहे, तो खरा स्पोर्ट्समन."

त्या माणसाने मुलाकडे वळून विचारलं, "बरोबर आहे?"

मुलाने छातीवर दोनदा थापटलं. "डॅड नोज मी बेस्ट," तो म्हणाला.

गाडीकडे जाताना मी त्या माणसाला गाठलं. आमच्याकडे असंच बोलतात, ऑल राइट म्हणजे उत्तम, म्हणून परोपरीने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बापाचं सोडा," तो म्हणाला. "मुलाला ते पटलं. मागे पडल्यावर सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात, त्याला तरी आपण चांगले आहोत असं वाटायला हवं."

करार दुसऱ्या कोणाला मिळाला.

डॉक्टर त्यानंतर कँटीनमध्ये फोन काढेनासे झाले. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते, आणि दोन्हींचा काही उपयोग नाही. मी त्यांना म्हटलं, "अहो, त्याला एकदा सांगा तरी." ते म्हणाले, "आता काय सांगणार? आता ते समजूत काढल्यासारखं वाटेल."

म्हणून मीच सांगायला गेले. तो तोवर बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत लागला होता. खेळणं बंद. कॉफी पिताना मी त्याला व्हिडिओंचं सांगितलं, गार होणाऱ्या चहाचं सांगितलं, थर्मासच्या त्या झाकणाचंही. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"ताई, तू खूप काइंड आहेस," तो म्हणाला. त्याचा एका शब्दावरही विश्वास बसला नव्हता. "डॅड ऑनेस्ट होता, दॅट्स ऑल. मी ठीकच होतो."

तो हल्ली घरी फारसा येत नाही. फोन केला तर कामात आहे म्हणतो.

मी अजून रविवारी घोटे बांधायला जाते. संघात नवा क्वार्टरबॅक आहे, झेल सुटला की दुसऱ्यांवर ओरडणारा. गेल्या रविवारी त्याने एक बरा चेंडू टाकला, आणि मागून कोणी तरी जोरात टाळ्या वाजवल्या. वळून पाहिलं तर झाडाखाली डॉक्टर. थर्मास गवतात ठेवून, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. "ब्रिलियंट, बेटा, ब्रिलियंट," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होते. पोरगा कोणाचा, हे त्यांना माहीतही नव्हतं.