काकांचं हरिण फ्रान्सला कसं गेलं

चहा घेताय ना? मग कप आधी खाली ठेवा. मी जी माती खाल्ली ती ऐकताना चहा नाकातून येतो, असा आजवरचा अनुभव आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलो होतो. सोडलं म्हणजे सोडलं! नापास झालो नव्हतो, कंटाळलो होतो. हा फरक आमच्या घरातल्या एकाही थोर माणसाला कळला नाही. बाबांनी मला व्हिजिट व्हिसावर सुधाकरकाकांकडे दुबईला धाडलं. पार्सल धाडतात तसं.

काका दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. हॉलमधल्या सगळ्या पार्ट्यांचे सर्वेसर्वा. त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी दम दिला. "मंदार, नीट काम केलंस तर इथेच नोकरीचा व्हिसा करतो. एक जरी घोळ घातलास तर खलास! पुढच्या फ्लाइटने पुणे."

आणि पुण्यात बाबा. म्हणजे परत जाण्यापेक्षा वाळवंटात उंट वळलेले परवडले!

आता काकांचं एक वेड सांगतो. ऊद मेथा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात एक वाळकं, वाकडंतिकडं, पॉलिश मारलेलं लाकूड होतं. महाबळेश्वरहून आणलेलं. काकांच्या मते ते हरिण होतं. "हे शिंग. ही मान. हा उचललेला पाय. दिसलं?" पाहुण्याला ते दिसावंच लागायचं, त्याशिवाय काकूचे पोहे बाहेर येत नसत. मला ते कधीच दिसलं नाही. माझा प्रश्न एवढाच, की ज्या माणसाला लाकडात हरिण दिसतं, त्याला पुतण्यात नुसतं लाकूडच का दिसावं?

असो. तर हॉटेलात एक फ्रेंच गाव आलं.

अहो, अख्खं गावच म्हणा ना! द्राक्षं पिकवून वाइन करणारं, आपल्याकडच्या वाडीएवढं गाव, आणि त्याची चार-पाच म्हातारी माणसं. बरोबर वाइनच्या बाटल्या, चीज, चर्चचे फोटो. 'आमच्या गावाचा वारसा' म्हणून एक संध्याकाळ ठरली होती. पुढारीण एक ठसठशीत बाई, गावची मेयर. आपल्या भाषेत सरपंचबाई. आणि गास्तों नावाचे एक आजोबा, कायम ओव्हरकोटात. दुबईत! ओव्हरकोट!

सकाळी काकांनी फर्मान सोडलं. "त्यांच्या खोक्यातली लाकडं किचनला पाठव. स्टेजवरचा चौथरा तयार ठेव, वर मखमल."

खोक्यात वाळक्या काटक्या होत्या आणि एक जाडजूड वाकडं खोड. मी पाठवून दिलं. मखमल अंथरली. झालं काम!

दुपारी लॉबीत काका दोन मराठी बँकवाल्यांना रंगात येऊन सांगत होते, "अहो, त्या मुलखात एकदा कीड पडली आणि सगळ्या द्राक्षबागा मेल्या. चर्चमागची एकच वेल वाचली! गावातली आजची प्रत्येक वेल तिच्याच कलमाची. पुढे ती वाळली, तर तिचं खोड यांनी जपून ठेवलं. लग्न झालं की नवरा-नवरी आधी त्या खोडाला हात लावतात. वाळकं लाकूड हो, पण जीव आहे गावाचा! ते फ्रान्सहून आणलंय. आज स्टेजवर ठेवणार."

वाळकं खोड? खोक्यातलं?

किचनकडे असा धावलो म्हणता! ग्रिलवर लखनौचे उस्ताद कबाब फिरवत होते.

"उस्ताद, वो लकड़ी?"

"वाह बेटा, क्या लकड़ी भेजी!" त्यांनी निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. "ऐसी खुशबू कि बस!"

खोड गेलं होतं. एका गावाच्या जिवावर मी कबाब भाजत होतो!

तुम्ही म्हणाल, काकांना सांगायचं. कशाला? "मला वाटलंच होतं" हे वाक्य ऐकायला? आमच्या घरातली सगळी थोर माणसं त्या एका वाक्यावर जगतात. आणि काकांकडे त्याच्या जोडीला माझं तिकीट तयार होतं.

पण मला एक वाळकं, वाकडं लाकूड माहीत होतं ना!

टॅक्सी पकडली. "यल्ला, ऊद मेथा, जल्दी!" घरात काकू आणि माझी चुलत बहीण मिनी.

"काकू, हरिण हवंय. हॉटेलात. इम्पॉर्टंट आहे."

"ने बाबा, ने!" काकू एकदम खुलली. "त्याची धूळ पुसून पुसून माझे हात गेले. परत नाही आणलंस तरी चालेल."

मिनी सोफ्यावरून म्हणाली, "डॅड विल किल यू." तिचं कार्टून चालूच.

हॉटेलच्या मागच्या दारात मी शिंग मोडलं. काडकन! उचललेला पाय मोडला. ग्रिलची काजळी फासून पॉलिश झाकलं. आणि काय सांगू, हुबेहूब द्राक्षाचं खोड! आयुष्यात पहिल्यांदा मला त्या लाकडात काहीतरी दिसलं! ते चौथऱ्यावर ठेवलं, वर मखमल टाकली आणि खांबाआड उभा राहिलो.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. कबाब आले. सरपंचबाईंनी एक घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. माइक हातात घेऊन म्हणाल्या, "हा आमच्या गावचा वास आहे!"

मी मनात म्हटलं, बाई, वास कसला, गावच आहे ते!

"घरी आम्ही वेलीची छाटलेली लाकडं जाळूनच मांस भाजतो," त्या पुढे म्हणाल्या. "तीच लाकडं मुद्दाम आणली होती, या ग्रिलसाठी."

ग्रिलसाठी?

"आणि आता आमचं जुनं खोड! गास्तों ते कुणाच्या हाती देत नाहीत. इथेसुद्धा उशाशी घेऊन झोपतात."

दार उघडलं. गास्तों आजोबा आले. ओव्हरकोट अंगावर नव्हता, त्यात बाळासारखं गुंडाळलेलं ते खोड होतं! टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी स्टेजकडे झेप घेतली, पण तोवर सरपंचबाईंना मखमलीचा उंचवटा दिसला होता. त्यांनी ती सारखी करायला एक टोक ओढलं.

टाळ्या थांबल्या.

आणि त्या शांततेत मागून, शुद्ध मराठीत, काकांची किंकाळी आली. "अरे, हे तर माझं हरिण!"

मी स्टेजवर पोचलो होतो. काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडातून निघालं, "गिफ्ट, मॅडम! फ्रॉम माय अंकल! फॉर युवर व्हिलेज!"

बाईंनी ते आजोबांना फ्रेंचमध्ये सांगितलं. आजोबांनी खोड त्यांच्या हाती दिलं, तरातरा जाऊन काकांना मिठी मारली आणि दोन्ही गालांवर मुके घेतले. सगळा हॉल उभा राहिला! जनरल मॅनेजरनी स्वतः काकांचा हात दाबला. काका हसत होते. दात तेवढे हसत होते, डोळे माझ्यावर होते.

घरी जाताना गाडीत ते म्हणाले, "शिंग का मोडलंस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "अरे गाढवा, जाळायलाच तर सांगितलं होतं मी! लाकडं किचनला पाठव म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं. उभ्या आयुष्यात एकदाच थोरांचं निमूट ऐकलं, काम चोख केलं, आणि मग दिवसभर जिवाचं रान करून ते बिघडवलं!

व्हिसा? तो झाला की! जनरल मॅनेजर 'गिफ्ट'वर इतके खूश, की काकांना मला घालवताच येईना.

हरणाचा कोपरा मात्र अजून रिकामाच आहे. पाहुणे आले की काका आधी तिथे बोट दाखवतात. "इथे आमचं हरिण होतं. सध्या फ्रान्सला असतं." मग तेच बोट माझ्याकडे वळतं. "आणि हे त्याच्या बदल्यात राहिलेलं लाकूड."

पाहुण्यांना ते लगेच दिसतं.