सोनूबाईच्या बारा तलंगा

सोनूबाईला कोंबडीची जात मी निवडून दिली आणि तिचा घातही मीच केला, हे आधीच सांगून टाकतो. शेवटापर्यंत सभ्य माणूस म्हणून मिरवायची मला हौस नाही.

साल सत्त्याण्णव. बदनापूरपासून तीन कोस आत एका गावात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गाव मला डॉक्टर म्हणायचं आणि मीही म्हणू द्यायचो. राहायला मच्छिंद्रकडे एक खोली घेतली होती. अंगणाच्या पलीकडे रस्त्याच्या बाजूला त्याच्या आईची, म्हणजे सोनूबाईची, खोली होती. दोघांच्या चुली वेगळ्या होत्या.

एक्याऐंशी साली नवरा गेला तेव्हा मच्छिंद्र दहा वर्षांचा होता. भावकीनं जमीन बटईनं मागितली, तर बाईनं स्वतः औत हाणायला घेतलं. गाव हसलं, मग हसून दमलं. पुढच्या सोळा वर्षांत काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, पण जीभ शाबूत होती. भाकरी थापताना ती एका हातानं तव्याची धग बघायची आणि तोंडानं सुनेची मापं काढायची. कौसल्याही काही गरीब गाय नव्हती. तिच्या स्वयंपाकाला सासूनं कधी हात लावला नाही, आणि याचा दोघींनाही अभिमान होता.

मच्छिंद्रला पिठाची गिरणी टाकायची होती, आणि गिरणीला रस्त्याकडची खोली हवी होती. आईला म्हणाला, तू आमच्यात ये. ती म्हणाली, "तुझ्या बायकोच्या ताटातलं खायापरीस मी उपाशी मरंन." भांडण भुजंगअण्णांच्या ओसरीवर गेलं. अण्णा गावातले मोठे, निवाडा करायची त्यांना भारी आवड. आंधळी बाई आपलं आपण भागवू शकते का, एवढाच सवाल होता. सोनूबाई म्हणाली, मी कोंबड्या पाळते, अंड्यांवर ज्वारी-तेल घेते, कुणापुढं हात पसरत न्हाई. अण्णांनी ठरवून टाकलं: होळीला बारा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घ्यायच्या, पोळ्याला निम्म्या जरी राहिल्या तरी खोली तिची. कमी भरल्या तर गिरणी. मोजायचं काम डॉक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत दवाखान्यात आली.

"गावरान घ्या की," मी म्हणालो.

"गावरान लई बेरकी. लिंबावर जाऊन बसती. मी काय ह्या वयात लिंबावर चढू?"

"मग असील?"

"ती भांडखोर. भांडायला घरात सून हाय."

लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण पान हललं तरी उधळते. शेवटी मी गिरिराजाचं नाव काढलं. रंगीत पिसं, जड अंग, फार उडत नाही, माणसाला बुजत नाही, उचलली तर मांडीवर बसून राहते.

"कुणाच्याबी?" तिनं विचारलं.

"कुणाच्याही," मी कौतुकानं सांगितलं.

मग बारा तलंगा आणल्या. मी लशी टोचल्या, तिनं नावं ठेवली. तिला त्या हातानं कळत. तुऱ्याला खाच असलेली ती नणंद, पायाची बोटं वाकडी ती जाऊ, सगळ्यांत जाड ती सासू. "जिवंत व्हती तवा मला पोटभर भाकर दिली न्हाई. आता बघा, माझ्या हातचं खाऊन राह्यली," असं म्हणून ती खो खो हसायची. संध्याकाळी उंबऱ्यात बसून पितळी वाजवायची, आऽ आऽ म्हणायची, की सगळ्या धावत यायच्या. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून ती मोजायची आणि खुराड्यात सोडायची. मी आजवर इतकी सुखी बाई पाहिली नाही. खरंच सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा.

एक कुत्र्यानं नेली, एक वैशाखाच्या उन्हानं गेली. दहा राहिल्या आणि अंडी सुरू झाली. दुकानदार एका अंड्याला दोन मुठी ज्वारी द्यायचा, मुठी मात्र त्याच्या असल्यामुळे ती त्याला शिव्या द्यायची.

मग आखाड लागला. आखाडात आमच्याकडे घरोघरी रस्सा शिजतो, पुढं श्रावण पाळायचा असतो ना. पहिल्याच आठवड्यात ती जाड सासू खुराड्यातून गेली. मच्छिंद्र म्हणाला, मुंगूस असंल. तिनं मला विचारलं. मी खुराडं पाहिलं, माती पाहिली आणि म्हणालो, असेल मुंगूस. आणखी तीन गेल्या. मी बिळं बुजवली, काटेरी फांद्या लावल्या.

आखाडाच्या शेवटच्या दिवशी मच्छिंद्रनं मला जेवायला बोलावलं. भुजंगअण्णा होते, आणखी चार-पाच शहाणी माणसं होती. रस्सा झणझणीत होता. नळीचं हाड हातात आलं आणि मी थांबलो. गावरान कोंबडीला एवढी जाड नळी नसते. त्या गावात ती जात एकाच दारात होती, आणि आणून दिलेली मीच होतो. मला जोराचा ठसका लागला. मच्छिंद्र माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "डाक्टर, पाणी प्या. घरचीच हाय, बाहेरची न्हाई." अण्णाही हसले. त्यांनाही ठाऊक होतं.

मी उठायला हवं होतं. मी पाणी प्यालो आणि भाकरी कुस्करली. तीन वर्षं वाट पाहून बदलीच्या यादीत नाव लागलं होतं, गावाची तक्रार नको होती, राहायची खोली मच्छिंद्रची होती, आणि खरं सांगायचं तर रस्सा चांगला झाला होता.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून झाले आणि सगळे तिच्या दारात जमले. तिनं पितळी वाजवली. पाच आल्या. तरी मी एकदा खुराड्यात वाकून पाहिलं, जणू सहावी तिथं लपून बसली असेल.

सोनूबाईनं मला जवळ बोलावलं. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "डाक्टर, एक सांगा. मुंगूस श्रावण पाळतं का हो?"

मी खुराड्याची काटेरी फांदी सरळ करू लागलो.

"आखाडात पाच गेल्या. श्रावण लागला अन् एकबी गेली न्हाई. ओरडली बी न्हाई कवा कुणी. मुंगसानं धरली तर कोंबडी गाव उठवती." मग ती म्हणाली, "त्या दिशी तुमाला ठसका लागल्ता. मी वळखला. पाणी घेऊन येणार व्हते, पण म्हणलं, जेवू द्यावं माणसाला."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला वाट करून देत होती. मी एवढंच म्हणायचं होतं की एक मीसुद्धा खाल्ली आहे, ती धरून मोजा. तेवढ्यानं तिची चूल राहिली असती. समोर निवाड्याला बसलेले सगळे उभे होते, आणि त्यांच्यात तो रस्सा न जेवलेला एकही नव्हता.

"किती, डॉक्टर?" भुजंगअण्णांनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कर होती. पोळ्याचा दुसरा दिवस, श्रावण सुटलेला. सकाळीच तिची भांडी सुनेच्या घरात गेली आणि गिरणीचा मिस्त्री खोलीची मापं घ्यायला आला. कोंबड्या आता कशाला हव्यात, असं मच्छिंद्रनं ठरवलं. पण मिस्त्रीच्या ठोकाठोकीनं त्या बिथरून लिंबाखाली पांगल्या होत्या आणि कौसल्याच्या हाती लागेनात.

"आत्याबाई," कौसल्या म्हणाली, "तुमी बोलवा. जल्दी. पाव्हणे येतेन."

सोनूबाईनं पितळी मागून घेतली. उंबरा तोडायला काढला होता, म्हणून ती मातीतच बसली. आऽ आऽ केलं. पाचही आल्या. ती एकेकीच्या पाठीवरून हात फिरवी, नाव घेई आणि हात लांब करून पोराच्या हाती देई. मच्छिंद्र सुरी घेऊन बाजूला बसला होता. त्यानं शेवटची घेतली तेव्हा सोनूबाई अंगावरची पिसं झटकून उठली आणि माझ्या दिशेनं तोंड केलं. मी तिथं आहे हे तिला कसं कळलं, कोण जाणे.

"डाक्टर, ही जात लई गुणाची," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कुण्या आंधळीला देऊ नका."

मी मान हलवली. ते तिला दिसणार नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं तोवर सुनेनं तिला हाताला धरून आत नेलं होतं.