दिवस मावळला की हाळी

सांगलीत बसून पोरांना परदेशी पाठवायचं काम एकदा गळ्यात पडलं, की किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी डिपार्टमेंटला येतात. आमच्या कट्ट्यावर तर आता माझा चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "सर, तो हळदीचा सांगा की!" आणि मी सांगतो. सगळे हसतात. पण खरं सांगू? घडत असताना त्यातलं काहीएक हसण्यासारखं नव्हतं. प्रत्येक किश्श्यात कुणीतरी भीतीनं अर्धमेलं झालेलं होतं. बऱ्याचदा मीच.

मी फिल्म डिपार्टमेंटला साउंड शिकवतो. माईक कुठं धरायचा, वारा कसा चुकवायचा, एवढंच माझं ज्ञान. विमानात कधी बसलो नाही. खंबाटकी घाटात एसटीत डोळे मिटून घेणारा माणूस मी! पण एका मिटिंगला उशिरा पोचलो, आणि पोचेपर्यंत 'एक्स्चेंज कोऑर्डिनेटर' म्हणून माझं नाव लिहून मोकळे झाले होते. तिकडच्या फिल्म स्कूलमध्ये आपली पोरं एक सेमिस्टर शिकणार, शॉर्ट फिल्म करून परत येणार. जागा दोन. एक पोलंडची, एक नॉर्वेची. पार उत्तरेची.

पोलंडला निवड झाली फलटणच्या ओंकारची. नॉर्वेला शुभांगीची. शुभांगी माणदेशातली, घरची मेंढरं. आमच्याकडं आली तेव्हा वर्गात तोंड उघडत नव्हती. पण हेडफोन कानाला लावले, की तिला काय काय ऐकू यायचं! तिनं जावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि ती गेली तर काय होईल, ह्या विचारानं माझी झोप उडाली होती.

*

आधी पालक सभा घेतली. झकास पीपीटी केली होती. बर्फ, कॅमेरे, हसरी पोरं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

ओंकारचे वडील उभे राहिले. रिटायर्ड सुभेदार. मिशा, पाठ ताठ. आवाजही खणखणीत.

"सर, ह्या पोलंडच्या शेजारी कुठला देश लागतो?"

मी सांगितलं. तिकडं लढाई चाललीय हे मला बोलता बोलता आठवलं.

"बॉर्डरपास्नं कॉलेज किती लांब?"

"तसं... बरंच लांब असावं."

"असावं?" सुभेदार एवढ्या हळू बोलले की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. "सर, माझी जिंदगी बॉर्डरवर गेली. पोराच्या हातात कॅमेरा दिला तो त्यानं बॉर्डरवर जाऊ नये म्हणून!"

ह्याची स्लाइड माझ्याकडं नव्हती.

शुभांगीचे वडील, बापू, मागच्या बाकावर पटका मांडीवर ठेवून बसले होते. सगळे गेल्यावर पडद्याजवळ आले आणि नॉर्वेच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या पांढऱ्या डोंगरावर मेंढरं काय खात्यात?"

"माहीत नाही हो बापू."

"मग माणसं काय खात असतील?"

*

मग व्हिसाच्या मुलाखतीची रंगीत तालीम. मी टाय लावून ऑफिसर झालो. ओंकार समोर बसला तोच घामाघूम.

"कोर्स संपल्यावर तुम्ही भारतात परत येणार, ह्याची काय गॅरंटी?"

"येणारच की सर! अप्पा म्हणालेत, न्हाई आलास तर मी येतो."

मी त्याला तिथल्या तिथं व्हिसा देऊन टाकला!

शुभांगीला मी जरा वेगळा प्रश्न टाकला. म्हटलं, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मला वाटलं थंडी म्हणेल, इंग्लिश म्हणेल. ती नखं बघत बसली.

"सर, मी न्हाई जात असं म्हणाले ना, तर बापूला लय बरं वाटंल. त्याचीच भीती वाटती. एखाद्या दिवशी मी म्हणूनबी जाईन."

मी टाय काढून ठेवला आणि तिला चहा पाजला. दुसरं काय करणार?

*

आता तो हळदीचा.

ओंकार एअरपोर्टवर पोचला. त्याच्याजवळ आमच्या डिपार्टमेंटचा माईक, आणि माईकवर वाऱ्यासाठी घालतात ते केसाळ कव्हर. लांबून बघितलं तर झोपलेलं कुत्र्याचं पिल्लूच. ओंकारच्या आईनं सामान भरताना बघितलं, कव्हर मऊ आहे, आत पोकळ आहे. तिनं सांगलीची हळद पुडीत बांधून आत सारली. फुटायला नको म्हणून! आणि पुडी तिथंच फुटली.

मला फोन आला. "सर, ह्यांनी मला बाजूला बसवलंय. माईकलाबी बसवलंय." पोरगं रडायच्या बेतात. मागं हिंदीत दरडावणं चाललेलं. माझ्या तर डोळ्यांसमोर सुभेदारांच्या मिशा!

"त्यांना सांग, खायची हळद आहे!"

"सांगितलं सर. ते म्हणतात, खाऊन दाखव."

"मग खा की बाबा!"

त्यानं मूठभर खाल्ली. सोडलं त्याला. विमान मिळालं. पण पोलंडला उतरल्या उतरल्या आयकार्डचा फोटो काढला, त्यात ह्याचे दात पिवळेजर्द. सेमिस्टरभर तिथली पोरं त्याला दातांचा डॉक्टर सुचवत होती.

*

शुभांगीचं मात्र तिकीट काढायची वेळ आली तरी बापूंचा होकार नव्हता. एक दिवस माणहून एसटीनं थेट डिपार्टमेंटला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मास्तर, आमी मेंढरं घिऊन फिरतो तवा दोन-तीन तळ पडत्यात. एक ह्या टेकाडाला, एक त्या. दिवस मावळला की तळावरनं हाळी द्यायची. पलीकडनं हाळी आली, की समजायचं माणसं, मेंढरं ठीक हायत. मग जेवायचं. तवर कुणी घास मोडत न्हाई."

"आणि एखाद्याचा घसा बसला असला तर?"

"तर शेजारच्या तळावरचा देतो त्याच्या वतीनं. पर हाळी जायाच पायजे." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दिवस मावळला की पोरीनं हाळी द्यायची. मोबाईलवर देऊ दे. ती आली की मी जेवीन. एवढं जमत आसंल तर जाऊ दे तिला."

"बापू, एवढंच ना? जमलं समजा!" मी आनंदानं त्यांचा हात हातात घेतला.

कुणाचा दिवस मावळल्यावर, हे मी विचारलं नाही. अहो, सुचेल का कुणाला?

*

शुभांगी तिथं पोचली ती सप्टेंबरात. तिथला दिवस मावळेपर्यंत इथं निम्मी रात्र! बापू उपाशी बसून. गावाला वाटलं ह्यांनी कडक उपास धरलाय.

आणि पोरीनं पहिल्या संध्याकाळी हाळी दिली ती काही मोबाईलजवळ तोंड नेऊन नाही. खोलीची खिडकी उघडली, तोंडाला हात लावला आणि समोरच्या डोंगराला ऐकू जाईल अशी दिली! "हूऽऽऽ ओऽऽऽ!" मोबाईल आपला खिडकीत रेकॉर्डिंगला ठेवलेला. साउंडची विद्यार्थिनी ना!

तिथलं गाव एवढंसं. लोकांना वाटलं, डोंगरात कुणीतरी अडकलंय. बॅटऱ्या, दोर, कुत्री घेऊन माणसं बाहेर पडली. मला फोन. "सर, मला शोधायला लोक आलेत. मी खोलीतच हाय. काय सांगू?" म्हटलं, आता हिला परत पाठवतात आणि आमची जागा पण रद्द करतात.

तिनं त्या माणसांना सगळं सांगितलं. मेंढरं, तळ, बापू, उपाशी. माणसं दोर गुंडाळून परत गेली. शेजारचा एक म्हातारा मात्र दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला आपल्या अंगणात येऊन उभा राहिला. तिनं हाळी दिल्यावर त्यानं पलीकडनं दिली. त्याचीही मेंढरं आहेत. त्याला ही पद्धत पटली!

हे मी बापूंना फोनवर सांगितलं.

"मेंढरं हायत व्हय तिथं? मग माणसंबी आसतील."

*

मग ऑक्टोबर लागला आणि बापूंचे फोन सुरू झाले.

"मास्तर, हाळी रोज आदी आदी येतीया. परवा निजायच्या वक्ताला आली. आज जेवायच्या वक्ताला."

"बरंच की बापू, तुम्हाला वेळेवर जेवण."

"आवं जेवणाचं काय घिऊन बसला? तिथला दिस आटत चाललाय! उनाळ्यात हिर आटती तसा. तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

मी हसण्यावारी नेलं. दिवाळी झाली. हाळी आता आपल्याकडं दिवेलागणीला यायला लागली. शुभांगीचा आवाजही बारीक झालेला. आणि नोव्हेंबर संपता संपता एक दिवस तिचा मला फोन आला. आवाजात धाप.

"सर, बापूला कसं सांगू? आज दिवस मावळला न्हाई."

"म्हणजे?"

"उगवलाच न्हाई!"

अहो, मी कोऑर्डिनेटर! हे मला ठाऊक असायला हवं होतं. भूगोलात शिकलोही असेन. पण सहावी-सातवीत वाचलेलं आपल्या ओळखीतल्या पोरीला होईल असं कुठं वाटतं? सूर्य आता जानेवारीतच दिसणार होता.

मी बापूंना सांगायचं धाडस केलं.

"पोरगी अंधारात हाय," ते म्हणाले. "तुमी अंधारात धाडली."

शेवटी शुभांगीनंच तोड काढली. तिथला दिवस नाही तर नाही, माणमधला दिवस मावळला की ती हाळी देईल. तिच्या दुपारी. अंधारातच. म्हातारा शेजारीही त्या वेळेला अंगणात यायला लागला. बापू कबूल झाले. पण त्यानंतर मला कधी 'मास्तर, कसं काय' असं त्यांनी विचारलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी कट्ट्यावर फारसा सांगत नाही.

जानेवारी सुरू होता. आदल्या दिवशी शुभांगीची हाळी आली ती चिरकी. घसा पार बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला तिकडच्या स्कूलचा मेल. मोठं वादळ, लाईट गेलीय, मुलांनी जिथं आहेत तिथंच थांबावं. आणि खाली एक ओळ, की शुभांगी पहाटेच आवाज रेकॉर्ड करायला बाहेर पडली, ती हॉस्टेलवर परतलेली नाही. शोध चालू आहे.

तिचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. गाडी काढली आणि माण गाठलं. बापूंच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शुभांगीची आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून बापू उठले, घोंगडं अंथरलं. का आलो हे विचारलंच नाही. मीही बोललो नाही.

दिवस मावळला.

बापूंनी मोबाईल उशाला ठेवतात तसा घोंगड्यावर ठेवला. आईनं ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं. मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, शांत झाली. मोबाईल गप्प. मग मी सगळं सांगून टाकलं. वादळ, मेल, हॉस्टेल, शोध. आई चुलीकडं तोंड फिरवून बसली.

"मास्तर," बापू म्हणाले, "मला लय भ्या वाटतंय वो." पटक्यानं तोंड पुसलं. "मेंढरू चुकलं तर मी जाऊन हुडकीन. हिला कुठं हुडकू?"

मी त्यांचा हात धरला.

आणि मोबाईल वाजला. शुभांगीचा नंबर. व्हॉइस मेसेज. बापूंच्या बोटाला तो लागेना, मीच दाबला.

वाऱ्याचा घोंघाट. कुत्रं भुंकलं. मग हाळी.

"हूऽऽऽ ओऽऽऽ!"

शुभांगीची नव्हती! पुरुषाचा आवाज. जाडा, म्हातारा, परका. पोरीचा फोन परक्या माणसाच्या हातात! ती कुठं आहे? आईनं तोंडात पदर कोंबला. मेसेज संपायला आला तेव्हा मागं कुणीतरी बसल्या घशानं खोकलं.

बापूंनी तो पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग मोबाईल घेऊन अंगणाच्या कडेला गेले. मला म्हणाले, "ते बोलायचं बटान दाबून धरा." मी धरलं. त्यांनी तोंडाला हात लावला आणि अशी हाळी दिली की वाघरीतली मेंढरं उठून उभी राहिली.

मेसेज गेला. बापू परत घोंगड्यावर येऊन बसले आणि झाकलेलं ताट पुढं ओढलं.

"वाढ गं. शेजारच्या तळावरनं आली हाळी. मास्तरास्नीबी वाढ," ते म्हणाले. "म्हाताराबी आता जेवाय बसंल."