कोरा समुद्र

राज्यांची फेररचना झाली आणि आमच्या मैसूर राज्याला आयता समुद्र मिळाला. वरचा किनारा मुंबईकडून, खालचा मद्रासकडून. त्याचं नियोजन मात्र बंगळुरात, जिथे कचेरीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलाच नव्हता. मी नकाशे गिरवणारी ट्रेसर. बेळगावहून लग्न होऊन बसवनगुडीत आले होते, मराठी-कन्नड दोन्ही यायचं, म्हणून बैठकांत दुभाषी म्हणूनही मलाच बसवत.

सगळ्या किनाऱ्याचा एकच नकाशा करायचा होता. समुद्राची खोली एक कचेरी वावांत, म्हणजे पसरल्या हातांच्या मापात, मोजायची, दुसरी फुटांत, आणि शून्य कुठे धरायचं यावरून दोघांचं पटेना. तिसरी म्हणे, आधी त्यांनी माहिती द्यावी, मग आम्ही देऊ. मी नकाशाच्या कापडावर रेघ ओढायची आणि पुढच्या बैठकीनंतर सगळं नव्याने गिरवायचं. साहेब म्हणायचे, "स्वल्प दम धरा, सगळं सरी होईल," म्हणजे ठीक होईल. घोंगडं भिजतच राहिलं आणि मला त्या किनाऱ्याचा मनापासून वीट आला.

कारवारकडचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमारांचे म्होरके, प्रत्येक बैठकीला यायचे. घाट चढून हुबळी, तिथून रेल्वे, रात्री बंगळुरात चिकपेटच्या धर्मशाळेत मुक्काम. गावाची रापण, म्हणजे सगळा गाव मिळून किनाऱ्यावरून ओढतो ते मोठं जाळं, त्यांच्या हाती होती. त्यांच्या पुळणीपुढचा समुद्र नकाशावर कोरा होता. कोरा म्हणजे रिकामा, असं धरून तिथे नवा धक्का आखला होता. मासळी कुठे लागते ते तांडेलांनी दाखवलं तर धक्का सरकला असता. पण टेबलापलीकडे यांत्रिक बोटींचे मालक बसलेले, त्यांनाही त्या जागा कळल्या असत्या. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी मागच्या व्हरांड्यात मी त्यांना डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, दिला.

"बाय, तू काय केलं असतंस?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

त्यांनी हात धुतले, आत आले आणि नकाशावर बोट ठेवत गेले. मी तिथे तिथे ठिपके दिले. धक्का सरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, म्हणून साहेबांनी कॉफी मागवली. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग नकाशाच्या प्रती निघाल्या आणि बैठकीतल्या प्रत्येकाला एकेक गेली. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

पावसाळा सरल्यावर यांत्रिक बोटी नेमक्या त्या ठिपक्यांवर येऊन उभ्या राहिल्या. गावाची रापण रिकामी येऊ लागली.

तांडेल पुन्हा आले तेव्हा बैठक नव्हती आणि या खेपेला गावाने त्यांना पाठवलंही नव्हतं. ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"गावात माझ्याशी कोण बोलत नाय, बाय. ते ठिपके खोडता येतील?"

"कापडावरचे येतील, मामा. पण प्रती सगळ्यांकडे गेल्यात."

"ठाऊक आहे. तरी खोड. गावात सांगेन, खोडून आलो."

परवानगी कुणाची घ्यायची, हा विचारसुद्धा मला करवेना. मी ठिपके खरवडायला घेतले. शेवटचा जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.