मी सारिकाच्या आईला गाळलं

मी सारिकाचा घात केला. गेल्या वर्षी, दिल्लीत करोल बागेतल्या तिच्या पीजीला आग लागली, त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी अकराला, मनोविकार डॉक्टरांच्या खोलीत. हे कुणालाच सांगितलेलं नाही — सांगणार कुणाला? माझ्याशी बोलतात ते सगळे माझी पत्रकं वाचणारे.

सारिका हिंगोलीहून यूपीएससीसाठी आलेली. पीजीच्या मालकाने जिन्याच्या दाराला कुलूप घातलं होतं. ती धुरात अडकली, वाचली, पण त्यानंतर तिला दोन वाक्यं सलग बोलवेनात. मग मी तिच्या वतीने बोलू लागले — पोलिसांशी, डॉक्टरांशी, आमच्या विद्यार्थी संघटनेसाठी मी लिहिते त्या पत्रकात. आणि पत्रकाचा आमचा नियम एकच: एका पानावर एकच आरोपी.

डॉक्टरांनी विचारलं, "घर में पहले किसी को डिप्रेशन रहा है?"

सारिका मराठीत पुटपुटली, "आईला. मावशीलाही."

आणि मी — मी म्हटलं, "नहीं मॅम, किसी को नहीं."

हिंदी तिला कळत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, असं का?"

"अगं, मालकाचा वकील म्हणेल, हिच्या रक्तातच होतं. आग राहील बाजूला!"

"पण डॉक्टर... वकील आहेत का?"

मी चिडून पुढे चालू लागले. मग तिने हळूच विचारलं, "तुमच्या घरी कुणाला?"

"छे, बिल्कुल नाही."

गाझियाबादला माझे बाबा वर्षानुवर्षं डिप्रेशनचीच गोळी घेतात. घरात तिला ॲसिडिटीची गोळी म्हणतात. मीही म्हणते.

रक्तातून आलेला धोका आणि अंगावर आलेली आग एकमेकांना बळ देतात. आईला आजार होता म्हणून कुलूप घालणारा सुटत नाही. एवढं मला कळत नव्हतं? कळत होतं. पानावर मावत नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं आगीमुळेच झालं असं धरलं. आईला कोणतं औषध लागू पडलं होतं, हे कुणी विचारलंच नाही. सारिका आणखी खचली, परीक्षा सोडून गावी गेली. माझा फोन उचलत नाही. पत्रक गाजलं.

रविवारी बाबांसमोर बसते. चहा होतो. बोलणं होत नाही.

तुम्ही मात्र आज घरी विचारा — कुणाला होतं, कधी, कशाने बरं वाटलं. डॉक्टरांना सगळं सांगा, घडलेलंही आणि घरातलंही. आणि तुमच्या वतीने माझ्यासारखी कुणी बोलू लागली, तर तिला खोलीबाहेर काढा.