झालेल्या कामाचा डबा

अंजनगावच्या स्टँडवरून अकोल्याची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीत बसून चक्क रडत होते आणि बाबा खाली उभे राहून हसत होते. "अकोल्याले तं चालली वं, काई परदेसात नाई!" अमरावतीला विशेष शिक्षणाचा कोर्स झाला होता आणि अकोल्यात स्वमग्न मुलांच्या शाळेत नोकरी लागली होती. मांडीवर कार्डशीट, कात्री, वेल्क्रोच्या पट्ट्या भरलेली पिशवी घट्ट धरली होती. कपड्यांची बॅग मात्र घरीच राहिली, हे अकोट मागे पडल्यावर लक्षात आलं. बाबांनी ती दुसऱ्या दिवशी आणून दिली, तेही हसतच.

अंजनगावकरांनो, तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला आपल्याकडची जेवणं काय सांगायची! पाहुण्याने ताटावर हात आडवे धरले तर बोटांच्या फटीतून भाजी वाढणारी माझी आई. "दोन पोळ्यानं काय होते? घे म्हनलं तं!" कुणी पुरे म्हटलं आणि ते लगेच ऐकलं, तर आमच्या घरी वाढणारीलाच कमीपणा वाटतो. हे वळण माझ्यासोबत अकोल्याला आलं होतं, आणि ते वर्गात बाहेर पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

वर्गात पाच मुलं. आता काय करायचं, ते कधी संपणार, हे डोळ्यांना दिसलं की त्यांना बरं वाटतं. म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर डावीकडे काम आणि उजवीकडे हिरवी टोपली. काम टोपलीत गेलं की संपलं, मग आवडीची गोष्ट. सात वर्षांच्या अन्वीची आवडीची गोष्ट म्हणजे झोका. तिच्यासाठी मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या कडेला रंगीत ठिपके चिकटवले आणि त्याच रंगांचे कपड्यांचे चिमटे दिले. पोरीने पटापट चिमटे लावले, डबा टोपलीत ठेवला आणि दाराकडे वळली. मला इतका आनंद झाला की मी तो बाहेर काढला, चिमटे सोडवले आणि म्हटलं, "वा गं वा! अजून एकदा!" तिने केलं. मी पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी तिने टोपली भिरकावली, स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली आणि टेबलाखाली जाऊन बसली.

त्यानंतर ती टेबलाजवळ फिरकेना. आठवड्याने तिची आई आली. "मॅडम, शाळेचं नाव काढलं का रडते. घरीच ठेवतो आता तिले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून एक महिना मागून घेतला.

आमच्या वरिष्ठ शिक्षिका कुंदाताई अस्सल अकोल्याच्या. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "तूच सांगतं का काम झालं, आन् तूच पुन्हा वाढतं. तिनं तुयावर भरोसा काहून ठेवावा?"

त्या दुपारी मी तेलाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा धुतला आणि त्याच्या झाकणाला फट पाडली. चिमटा आत जाईल, माझा हात जाणार नाही, एवढीच. माझा माझ्याच हातावर विश्वास उरला नव्हता! पहिल्या दिवशी एकच चिमटा, तोही झोक्याशेजारी. अन्वीने बराच वेळ डब्याकडे पाहिलं, मग चिमटा आत टाकला, आणि मी लगेच झोका दिला. दुसऱ्या दिवशीही एकच. "अजून एक" अगदी जिभेवर यायचं, की मी घटाघटा पाणी प्यायचे. कुंदाताई लांबून हसायच्या. मग दोन झाले, चार झाले. डबा एकेक पाऊल सरकत टेबलापर्यंत आला आणि त्याच्यामागे अन्वीही आली.

महिना संपला त्या दिवशी तिची आई दारात उभी होती. अन्वीने काम संपवलं, झोक्यावर गेली आणि थोड्या वेळाने कुणी न बोलावता परत आली. तिने माझं मनगट धरलं आणि माझा हात फळीवरच्या उरलेल्या चिमट्यांवर नेऊन ठेवला. ही मुलं शब्दांऐवजी कार्ड दाखवून मागतात, पण "अजून" असं कार्ड मी तिला कधी करूनच दिलं नव्हतं. तो शब्द कायम माझाच असायचा. मी एकीकडे डोळे पुसत होते, एकीकडे चिमटे देत होते. तिची आई म्हणाली, "उद्या किती वाजता आनू तिले?"

दिवाळीत घरी गेले तेव्हा जेवता जेवता हे सगळं आईला सांगितलं. वाढायला घेतलेली पोळी तशीच हातात धरून ती ऐकत राहिली.

"म्हंजे आपन थांबलं का पोरगी सोताहून मांगते?"

"हो."

तिने पोळी दुरडीत ठेवली आणि दुरडी जवळ ओढून बसली. "मंग मी थांबली. तू मांग."

न मागता मिळतं ते घर, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता अकोल्याचा वर्गही मला घरच वाटतो, आणि तिथं तर मागण्याची वाट पाहावी लागते. आईला मात्र वाट पाहण्याची अजिबात सवय नाही. ती तोंडाला पदर लावून, ओठ घट्ट मिटून, कशीबशी गप्प बसली होती. माझं पोट कधीच भरलं होतं.

"आई," मी म्हटलं, "अजून एक दे."