एक पातेलं पाणी

सुनेने सिंकचा नळ सोडला की चावीवाले नाना खाली पातेलं सरकवायचे. तीस वर्षं त्यांनी धरणाची दारं चावीने उघडली आणि लावली होती. खरं नाव लोक विसरले, चावी तेवढी चिकटली.

“नाना, पाणी जायला खाली पाइप आहे ना!” सून वैतागली.

नानांना तो कोरडा उन्हाळा आठवला. वीजघरवाले, नळयोजनेवाले आणि कालव्यावरचे शेतकरी त्यांच्या खोलीत हमरीतुमरीवर आले होते. एकाला पाणी सोडलं की दुसरे दोघे अंगावर यायचे. डोकं पिकवून नाना जेवायला घरी आले, तर बायको भाजी धूत होती. त्याच पाण्यात तिने डबे विसळले आणि तेच पाणी दारातल्या झेंडूला घातलं.

“पाणी एक, कामं तीन,” ती म्हणाली. “त्यात भांडायचंय काय?”

दुसऱ्या दिवशी नानांनी कालव्याचं थेट दार लावून टाकलं. पाणी आधी वीजघराची चाकं फिरवून गेलं, मग कालव्यात उतरलं, वाटेत नळयोजनेची टाकी भरून शेतांवर पोचलं. तिघांचीही तोंडं बंद झाली.

“ही अक्कल कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझीच की!” नाना छाती फुगवून म्हणाले.

आता पातेलं भरलं होतं. नानांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं.

“ते प्रशस्तिपत्र तुझ्या सासूबाईंचं आहे, पोरी. मी तिला कधी सांगितलंच नाही. आणि ती बिचारी जाईपर्यंत रोज त्याची काच पुसायची.”